दीड पान लाटा

एकेचाळिसाव्या भागात मी त्याला मारला.
मंगळवारी रात्री, साडेदहाच्या सुमारास,
साबण आणि बँकेच्या जाहिरातींमधे.
कारण सांगण्यासारखं नाही:
नटाने पैसे वाढवून मागितले,
निर्माता फोनवर म्हणाला, समुद्र आहे ना, बुडव.
मी बुडवला. चार पानं लागली.
त्यातलं दीड पान नुसत्या लाटांचं.

अकरा वर्षांनी, रिझेच्या पुढे, चायेलीत,
चहाच्या कारखान्यात वजनकाट्यावर बसणारी हाजेर हानम
माझ्यासमोर पंधरा वह्या ठेवते.
शाळेच्या वह्या. एकीवर मांजर, एकीवर ट्राब्झोनचा फुटबॉल संघ.
"नातवाच्या उरलेल्या. पानं फुकट का घालवायची?"

आत इल्यास कप्तान जिवंत आहे.
बुडाला नव्हताच म्हणे.
बातुमीच्या किनाऱ्याला लागला,
एका न्हाव्याच्या माळ्यावर तीन महिने झोपला,
परत आला, होडी विकली,
आता वरच्या वाडीत मधमाश्या पाळतो.
पाऊस आला की डावा गुडघा धरतो त्याचा.

गुडघा!
मी तर त्याला कमरेखाली कधी लिहिलंच नव्हतं.
सगळे क्लोजअप.

दुपारच्या सुट्टीत बाया भोवती जमतात.
पानं खुडून काळी पडलेली बोटं, हातात चहाचे चिमुकले ग्लास.
झेलिहाचं म्हणणं, त्याने औषधवालीशी लग्न करावं.
हाजेर ऐकत नाही.
म्हणून झेलिहाने आपली निराळी वही घातली आहे,
तिच्यात त्याला जुळी आहेत,
आणि दोघी गेली दोन वर्षं
एका बाकावर बसून डबा खातात, बोलत नाहीत.
मी कोण, हे कळल्यावर
एक म्हातारी माझ्याकडे बघून नुसतीच म्हणाली,
"अच्छा. म्हणजे तो तू."

नवव्या वहीत एक नाव सापडलं. शाहिंदे.
"ही कोण?"
"त्याची आई."
आई मी त्याला दिली नव्हती.
एकेचाळीस भाग तो पोरक्यासारखा बोलला
आणि बक्षीस घेताना मी सांगून आलो की ती माझी शैली.

माझ्या कोटाच्या आतल्या खिशात करार होता.
नवं चॅनेल, जुना कप्तान,
लोकांना परत हवाय तो, आकडे सांगतात.
आकडे मला सांगतात, मी काही सुचत नाही म्हणून इथवर येतो.
म्हटलं, एक वही द्याल? नाव येईल तुमचं, शेवटी, बारीक अक्षरात का होईना.

तिने टेबल पुसलं. पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं.
"किती भाग?"
"तेरा. चाललं तर पुढे."
"आणि नाही चाललं तर?"
मी ग्लासातल्या साखरेकडे बघत राहिलो.
खिडकीबाहेर, रस्त्याच्या पलीकडे,
तो होताच. काळा, सपाट, सरकारी कचेरीसारखा शांत.

"तुमचाच आहे तो, नाही कोण म्हणतंय," हाजेर हानम म्हणाली,
"पण अकरा वर्षं त्याचं जेवणखाण मी बघितलंय."
आणि वह्या पिशवीत भरल्या,
मांजराची सगळ्यात वर.

स्टँडपर्यंत ती सोडायला आली.
कागदात बांधलेला अर्धा किलो चहा दिला,
पाण्याला कढ किती द्यायचा ते दोनदा सांगितलं.
मिनीबस सुरू झाल्यावर तिने काचेवर टकटक केलं.

"एक विचारायचं राहिलं.
त्या रात्री आमच्याकडे वीज गेली.
तो होडीतून पडला तेवढं दिसलं, पुढचं नाही.
शेवटी काय म्हणाला हो तो?"

"काही नाही. लाटाच होत्या," मी म्हणालो. "दीड पान."

तिने मान हलवली,
वजन बरोबर भरल्यावर हलवत असेल तशी.

"वाटलंच मला.
म्हणजे पोहायला वेळ होता."